नसरीन मोहमदी : रेघेवर भिस्त ठेवणारी चित्रकर्ती



या पानावर आपण बहुतेक वेळा संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ नाहीतर क्रिकेटवीर यांच्याविषयी वाचतो. या वेळी आम्ही एका चित्रकर्तीची ओळख करून द्यायचे ठरवले आहे. त्यांचे नाव नसरीन मोहमदी. त्यांच्या प्रसिद्ध चित्रांत माणसे नाहीत, झाडे नाहीत, घरे नाहीत. रंगही जवळजवळ नाहीत. आहेत त्या फक्त काळ्या-करड्या बारीक रेघा आणि भरपूर कोरा कागद.

अशी चित्रे मुलांना दाखवली की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, यात नक्की काय काढले आहे? आणि दुसरा, पट्टी दिली तर असे कोणीही काढेल, मग यात विशेष ते काय? हे प्रश्न मुलांचेच असतात असे नाही; मोठी माणसे ते मनात विचारतात एवढाच फरक. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. नसरीन यांचे आयुष्य समजून घेतले की त्यांची उत्तरे बरीचशी मिळतात. म्हणून आधी आयुष्य पाहू, मग चित्रांकडे वळू.

कराची, मुंबई आणि किहीम

नसरीन यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. कराची आज पाकिस्तानात आहे. पण जुन्या मुंबई इलाख्यातून सिंध प्रांत वेगळा झाला तो १९३६ मध्ये, म्हणजे त्यांच्या जन्माच्या जेमतेम एक वर्ष आधी. त्या काळी कराची आणि मुंबई यांच्यात बोटींची ये-जा असे आणि कराचीत मराठी माणसांची वस्तीही होती. मोहमदी कुटुंब सुलेमानी बोहरा समाजातले. काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली हे याच समाजातले.

नसरीन लहान असतानाच त्यांची आई वारली. भावंडांचा गोतावळा मोठा होता. १९४४ च्या सुमारास, फाळणीच्या आधीच, कुटुंब मुंबईला आले. वडिलांचा व्यवसाय मात्र आखाती देशात, बहरीनमध्ये होता. तेथे त्यांचे कॅमेरे आणि छायाचित्रणाच्या सामानाचे दुकान होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण कॅमेरा पुढे नसरीन यांच्या हाती आयुष्यभर राहिला.

मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यात किहीम नावाचे गाव आहे. आपल्यापैकी अनेकांनी गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडून तो किनारा पाहिला असेल. नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूची झाडे आणि ओहोटीला दूरवर उघडी पडणारी ओली वाळू. याच किहीमला सलीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. मोहमदी कुटुंबाचेही तेथे घर होते. कराची, मुंबई, बहरीन अशी घरे बदलत गेली, पुढे आणखी शहरे आली. पण किहीमचा समुद्र त्यांच्याजवळ शेवटपर्यंत राहिला. ओहोटीचे पाणी मागे सरकताना वाळूवर ज्या समांतर रेघा उमटतात, त्या कधी निरखून पाहिल्या आहेत का? पुढच्या वेळी कोकणात गेलात तर जरूर पाहा. नाहीतर आपल्या जवळचा पोर्टमारनॉकचा किनारा आहेच.

लंडनमधील शिक्षण

१९५४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, नसरीन लंडनला गेल्या आणि सेंट मार्टिन्स या कलाशाळेत १९५७ पर्यंत शिकल्या. तेव्हा एका मुस्लिम घरातील मुलीने एकटीने परदेशी जाऊन चित्रकला शिकणे ही साधी गोष्ट नव्हती.

ते लंडन कसे होते? महायुद्ध संपून नऊ वर्षे झाली होती आणि रेशनिंग त्याच वर्षी पूर्ण उठले होते. कलेत मात्र नवे वारे होते. त्याच १९५४ साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत बार्बरा हेपवर्थ या शिल्पकर्तीच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. हेपवर्थ यांचे (१९०३ ते १९७५) नाव येथे घेण्याचे कारण सांगतो. त्या दगड आणि लाकूड कोरत. १९३९ मध्ये युद्ध सुरू होण्याच्या सुमारास त्या लंडन सोडून कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी राहायला गेल्या. घरात जेमतेम पाच वर्षांची तिळी मुले, त्यात साहित्याची टंचाई. दिवसा कोरीवकामाला वेळ मिळेना, म्हणून त्या रात्री कागदावर चित्रे काढू लागल्या. त्या चित्रांत स्फटिकासारखे कोनाकोनांचे आकार आहेत आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेल्या रेघा आहेत, जणू वाद्याच्या तारा. अशाच खऱ्या तारा आणि दोरे त्यांनी आपल्या शिल्पांतही ताणले.

शिल्पकाराचे चित्र बहुधा पुढच्या शिल्पाची तयारी असते. रेघ सांगते की येथे दगड वळेल, येथे पोकळी येईल. नसरीन पुढे जे करणार होत्या ते याहून वेगळे होते. त्यांची रेघ कोणत्याही दगडाची तयारी नव्हती. रेघ हेच त्यांचे पूर्ण झालेले काम होते. पण तेथपर्यंत पोहोचायला त्यांना अजून पंधरा वर्षे लागायची होती.

भुलाभाई इन्स्टिट्यूटचे दिवस

लंडनहून परत आल्यावर काही काळ बहरीनमध्ये काढून नसरीन मुंबईला आल्या आणि १९५८ च्या सुमारास भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. वॉर्डन रोडवरचा हा बंगला भुलाभाई देसाईंचा. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा खटला लाल किल्ल्यात चालला तेव्हा त्यांची बाजू मांडणारे ते नामवंत वकील. त्यांच्या निधनानंतर हा बंगला कलावंतांना खुला झाला. चित्रकारांना अगदी नाममात्र भाड्यात खोल्या मिळत. एका खोलीत हुसेन, दुसरीकडे गायतोंडे, कुठे पंडित रविशंकर यांची संगीतशाळा, तर गच्चीवर अल्काझींच्या नाटकाच्या तालमी. एकाच छपराखाली एवढी माणसे नांदल्याचे दुसरे उदाहरण मुंबईत क्वचितच सापडेल.

येथे नसरीन यांना वासुदेव गायतोंडे भेटले. गायतोंडे मूळचे गोव्याकडचे, जन्म १९२४ चा नागपूरचा, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले. कमी बोलणारे आणि त्याहून कमी चित्रे काढणारे. चित्रात ओळखीचे काही दिसलेच पाहिजे असे नाही, हा विचार ज्या थोड्या भारतीय चित्रकारांनी शेवटपर्यंत धरून ठेवला त्यांत त्यांचे नाव पहिले. नसरीन यांनी त्यांना गुरुस्थानी मानले असे म्हणायला हरकत नाही. मात्र गुरूसारखे चित्र काढायचे नाही, एवढे भानही त्यांना होते. गायतोंडे रंगाच्या थरांतून जात, नसरीन रेघेतून गेल्या.

त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन १९६१ मध्ये मुंबईच्या 'गॅलरी ५९' मध्ये झाले. त्यानंतर फ्रान्स सरकारची शिष्यवृत्ती मिळून १९६१ ते १९६३ या काळात त्या पॅरिसला होत्या. या काळातील त्यांची चित्रे पाहिली तर त्यांत फांद्या, पाने, डोंगरउतार असे काहीतरी अर्धवट ओळखू येते. शाई पाण्यात पसरल्यासारखी दिसते. निसर्ग आहे, पण तो हळूहळू विरघळत चालला आहे.

बहरीनला त्या अधूनमधून जात. वाळवंटात पाहायला काय असते? वर आकाश, खाली वाळू आणि मध्ये क्षितिजाची एक रेघ. आपल्याला ते रिकामे वाटेल. नसरीन यांना त्या एका रेघेतच सगळे दिसू लागले असावे, कारण पुढच्या काळात त्यांच्या कागदावरून एकेक गोष्ट निघून जात राहिली. आधी रंग गेले, मग झाडे गेली, मग ब्रशचे वळणदार फटकारे गेले. उरली ती सरळ रेघ.

बडोद्यातील शिक्षिका

काही वर्षे दिल्लीत राहून १९७२ मध्ये नसरीन बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिकवू लागल्या. बडोदे म्हटले की मराठी माणसाला गायकवाडांची आठवण होणारच. हा विभाग १९५० मध्ये सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत देशातल्या अग्रगण्य कलाशाळांत त्याची गणना होऊ लागली. के. जी. सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, जेराम पटेल, गुलाममोहम्मद शेख अशी मातब्बर मंडळी तेथे होती.

यात एक गंमत आहे, आणि थोडी कसोटीही. त्या काळात बडोद्याच्या अनेक चित्रकारांचा कल गोष्ट सांगणाऱ्या चित्रांकडे होता. चित्रात गल्ली, दुकान, शेजारी, घरातली माणसे यावीत, ही विचारसरणी तेथे जोरात होती आणि तिने उत्तम चित्रेही दिली. अशा ठिकाणी नसरीन रोज सकाळी कोऱ्या कागदावर रेघा आखत बसत. आपले सहकारी, मित्र, विद्यार्थी वेगळ्या वाटेने जात असताना, भांडण न करता आणि आपली वाटही न सोडता, त्यांनी सुमारे सोळा वर्षे तेथे शिकवले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी काही जणांनी पुढे त्यांचे काम जगापुढे आणले, यावरून त्या शिक्षिका म्हणून कशा असतील याची कल्पना येते.

त्यांचे बडोद्याचे घर साधे, स्वच्छ आणि जवळजवळ रिकामे असे. सामान कमी, भिंती पांढऱ्या. उतरत्या फळीच्या बैठ्या टेबलापाशी जमिनीवर बसून त्या काम करीत.

चित्र कसे तयार होई?

आता आमच्यासारख्या इंजिनिअर पालकांचा आवडता भाग. भारतात ज्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग हा विषय केला, त्यांना ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, मिनी ड्राफ्टर आणि पेन्सिलीला टोक काढण्याची ती तपश्चर्या आठवत असेल. नसरीन यांची हत्यारे साधारण तीच होती. आर्किटेक्ट लोकांची आखणीची साधने, शाईचे पेन, पेन्सिल आणि कागद.

पण हत्यारे तीच असली तरी हेतू उलटा. इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक रेघेला नेमून दिलेले काम असते. जाड रेघ म्हणजे कडा, तुटक रेघ म्हणजे मागे लपलेली कडा, लांब-आखूड रेघ म्हणजे मध्यरेषा. शिवाय मापे लिहायची आणि उजव्या कोपऱ्यात चौकट करून त्यात नाव, तारीख, प्रमाण टाकायचे. कारखान्यातल्या कारागिराला प्रश्न पडता कामा नये, हा सगळा खटाटोप त्यासाठी. नसरीन यांच्या चित्रात मापे नाहीत, बाण नाहीत आणि ती कोपऱ्यातली चौकटही नाही. त्यांनी आपल्या बहुतेक चित्रांना नावे दिली नाहीत आणि त्यांवर तारखाही घातल्या नाहीत. त्यामुळे कोणते चित्र कोणत्या साली काढले हे ठरवताना अभ्यासकांची आज पंचाईत होते. रेघ कशी बदलत गेली यावरून अंदाज बांधावा लागतो.

तो बदल ढोबळपणे असा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या कागदावर चौकटींची जाळी दिसते, वहीच्या चौकोनी आखणीसारखी. पण ती वहीसारखी एकसारखी नसते. कुठे दोन रेघांतील अंतर थोडे कमी होते, कुठे शाई फिकट होते, कुठे रेघ मध्येच थांबून पुन्हा सुरू होते. एवढ्याशा फरकाने सपाट कागद हलू लागतो. पाण्यावर वाऱ्याची झुळूक यावी तसे वाटते. दशकाच्या उत्तरार्धात आडव्या-उभ्या रेघांची जागा तिरप्या रेघा घेऊ लागतात. कागदावर खोली दिसू लागते, वेग दिसू लागतो. आणि ऐंशीच्या दशकात तर रेघा आणखी कमी होतात. मोठ्या कोऱ्या कागदावर एखादा त्रिकोण, एखादी कमान, काही तिरप्या रेघा, जणू जमिनीचा आधार सोडून तरंगणाऱ्या.

आमची मंडळी दिवसभर संगणकावर काम करतात. एका बटणाने चुकलेली रेघ मागे घेता येते आणि एका आज्ञेत हजार समांतर रेघा काढता येतात. शाईच्या रेघेला ती सोय नाही. शंभरावी रेघ चुकली तर आधीच्या नव्व्याण्णवही वाया. शिवाय यंत्राची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते. नसरीन यांची रेघ पट्टीने काढलेली असूनही तिच्यात हाताचा दाब कमी-जास्त झालेला दिसतो, श्वास घेतल्यासारखा. पट्टी दिली तर कोणीही काढेल, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

अमूर्त म्हणजे काय?

मुलांसाठी एक शब्द समजावून सांगतो. ज्याला आकार आहे, जे समोर दाखवता येते ते मूर्त. तसे नाही ते अमूर्त. हा शब्द अवघड वाटतो, पण अमूर्त गोष्टी तुम्ही रोज वापरता. तीन आंबे दाखवता येतात, तीन खुर्च्या दाखवता येतात. पण नुसते 'तीन' कोणी पाहिले आहे? आंबे आणि खुर्च्या बाजूला काढून जे उरते ते तीन. गाण्यातही तसेच. गवई आलाप घेतो तेव्हा त्यात शब्द नसतात, तरी आपल्याला आनंद होतो किंवा गलबलून येते. आलापात काय सांगितले, असे आपण विचारत नाही. नसरीन यांचे चित्र हे आलापासारखे पाहायचे असते.

आणि हे अमूर्त हवेतून आलेले नव्हते. त्याचा पुरावा त्यांच्या छायाचित्रांत आहे. त्या आयुष्यभर कृष्णधवल छायाचित्रे काढत होत्या, पण हयातीत त्यांनी ती प्रदर्शनात मांडली नाहीत. त्यांच्या पश्चात ती लोकांसमोर आली. त्यांत काय आहे? किहीमच्या समुद्राची कड. वाळवंटातल्या सावल्या. रस्त्यावरचे पांढरे पट्टे. मागावर ताणलेले ताण्याचे धागे. अकबराच्या फत्तेपूर सिक्रीतील लाल दगडांच्या अंगणांच्या कडा, आणि नव्या चंदीगडमधील काँक्रीटच्या इमारती. म्हणजे सोळाव्या शतकातील बादशाही शहर आणि विसाव्या शतकातील सरकारी शहर, दोन्हींत त्यांना तीच रेघ दिसत होती. जग पाहायचे, खूप पाहायचे, आणि मग त्यातले अनावश्यक सगळे काढून टाकायचे, ही त्यांची रीत होती. यात काय काढले आहे, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

त्या रोजनिशी लिहीत. तिच्या पानांवरही लिहिलेल्या ओळींच्या मध्ये काळ्या पट्ट्या भरून त्यांनी पानाचेच चित्र करून टाकलेले दिसते.

हात ऐकेनासा झाला तेव्हा

या हकीकतीचा सर्वात अवघड भाग आता येतो. ज्या कलावंताची सगळी भिस्त सरळ रेघेवर, त्याच कलावंताला असा आजार जडला की ज्यात शरीराच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत जातो. हा मज्जासंस्थेचा आजार होता आणि त्यावर बरे होण्याचा उपाय नव्हता. चालताना तोल जाई. हात स्थिर राहणे कठीण होई. दिवसेंदिवस साध्या गोष्टींना कष्ट पडू लागले.

अशा वेळी दुसऱ्या कोणी मोठा ब्रश हातात घेतला असता, मोकळे फटकारे मारले असते, आणि त्याला कोणी नावेही ठेवली नसती. नसरीन यांनी उलट केले. ऐंशीच्या दशकातली त्यांची चित्रे आधीपेक्षा अधिक काटेकोर आहेत. शरीर जितके हलू लागले, तितकी रेघ शांत होत गेली. पट्टी, पेन आणि उतरती फळी हे आता नुसते साहित्य राहिले नव्हते. शरीराला आधार देणारे ते सोबती होते. एक रेघ काढायला किती वेळ लागत असेल, किती थांबावे लागत असेल, याचा विचार केला की चित्राकडे पाहण्याची आपली नजरच बदलते. हे चित्र चांगले आहे ते काढणारी व्यक्ती आजारी होती म्हणून नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे. आजाराची माहिती नसलेला माणूसही त्या चित्रासमोर थबकतो. पण माहिती झाल्यावर हे कळते की ती शांतता फुकट मिळालेली नव्हती.

१९८८ पर्यंत त्या बडोद्यात शिकवत होत्या. मे १९९० मध्ये किहीमला, लहानपणापासून ओळखीच्या त्या समुद्राजवळ, त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न.

मरणोत्तर कीर्ती

हयातीत चित्रकारांच्या वर्तुळात नसरीन यांना मान होता, पण बाहेरच्या जगाला त्यांचे नाव फारसे माहीत नव्हते. पैसा आणि गाजावाजा दोन्हीही त्यांच्या वाट्याला बेताचेच आले. त्यांच्या निधनानंतर चित्र पालटले. समीक्षक गीता कपूर यांनी त्यांच्यावर महत्त्वाचे लेखन केले. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये त्यांच्या कामाचे प्रदर्शन झाले. २००७ मध्ये जर्मनीतील कासेल गावी भरणाऱ्या डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे काम होते. २०१३ मध्ये दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात मोठे प्रदर्शन भरले; ते मांडणाऱ्या रुबिना करोडे या बडोद्याच्या विद्यार्थिनी. २०१५ मध्ये माद्रिदचे रेना सोफिया संग्रहालय आणि मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच दिवशी ज्यांची प्रदर्शने खुली झाली त्यांत नसरीन मोहमदी होत्या. ती शाखा २०२० मध्ये बंद झाली, पण तो मान राहिला.

आपल्या घराजवळचे उदाहरण म्हणजे २०१४ मधले लिव्हरपूल. डब्लिनच्या समोरच समुद्रापलीकडे, टेट लिव्हरपूल येथे त्या उन्हाळ्यात नसरीन यांचे प्रदर्शन होते आणि त्याच वेळी, त्याच इमारतीत, डच चित्रकार मोन्ड्रियान यांच्या स्टुडिओंवरचे प्रदर्शन होते. हे मोन्ड्रियान युद्धाआधी लंडनमध्ये बार्बरा हेपवर्थ यांच्या शेजारात राहत होते. आडव्या-उभ्या रेघांच्या या जगातली माणसे अशी कुठे ना कुठे एकमेकांना भेटत राहतात. अमेरिकेतील अॅग्नेस मार्टिन यांच्या जाळीदार चित्रांशीही नसरीन यांची तुलना होते. तुलना जरूर करावी. मात्र नसरीन यांच्या रेघेत किहीमची ओहोटी, बहरीनची वाळू आणि फत्तेपूर सिक्रीचे अंगण आहे, हे विसरू नये.

आपल्या मुलांनी हे का वाचावे?

नसरीन यांच्या आयुष्यात सात-आठ गावे आली: कराची, मुंबई, बहरीन, लंडन, पॅरिस, दिल्ली, बडोदे, किहीम. त्यांनी एका गावाचेच व्हायचा हट्ट धरला नाही. प्रत्येक ठिकाणचे थोडे घेत गेल्या आणि नको ते सोडत गेल्या. आपली मुले सँट्रीत वाढतात, शनिवार-रविवारी मराठी गिरवतात आणि उन्हाळ्यात आजी-आजोबांकडे जातात. आपण नक्की कुठले, हा प्रश्न त्यांना आज ना उद्या पडणार. उत्तर एका शब्दात देता आले नाही म्हणून काही बिघडत नाही, हे नसरीन यांच्याकडे पाहून कळते. काय धरून ठेवायचे हे ठरले की पुरे.

दुसरी गोष्ट अशी की मार्क, पॉइंट्स आणि पदके यांच्या धावपळीत आपण सगळेच आहोत. कोपऱ्यात नावही न घालता, कोणी पाहील की नाही याची फिकीर न करता, वीस वर्षे एकच काम अधिकाधिक चांगले करत राहणे कसे असते, हे मुलांनी एकदा तरी पाहावे असे आम्हाला वाटते.

करून पाहा

एक साधा ए-फोर कागद आडवा ठेवा. त्याची उंची २१० मिलिमीटर असते. वरच्या कडेपासून १ मिमी अंतरावर पट्टीने बारीक आडवी रेघ काढा. तिच्यापासून २ मिमीवर दुसरी, मग ३ मिमीवर तिसरी, असे अंतर एकेकाने वाढवत १९ रेघा काढा. शेवटच्या रेघेखाली बरोबर २० मिमी जागा उरेल. का उरेल, ते बेरीज करून सांगा. आता कागद हातभर दूर धरून पाहा. तो सपाट वाटतो, की मागे कललेल्या जमिनीसारखा दिसतो? शक्य असेल तर पेनने काढा. रेघ चुकली तर खोडू नका, नवा कागद घ्या.

ज्यांना फिरायला आवडते त्यांनी घराबाहेर रेघा शोधाव्यात. विमानतळ जवळ असल्याने आपल्या डोक्यावर विमानांच्या पांढऱ्या रेघा नेहमीच असतात. बागेचे कुंपण, रस्त्यावरचे पट्टे, विजेच्या तारा, वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस, यांपैकी एकाचे छायाचित्र काढा आणि मग त्यातल्या फक्त रेघा कागदावर उतरवा. आणि पालकांनी वेळ काढून मुलांना डब्लिन कॅसलमधील चेस्टर बीटी संग्रहालयात न्यावे. तेथे जुन्या अरबी-फारसी हस्तलिखितांची आखणी आणि भौमितिक नक्षी पाहायला मिळते, आणि प्रवेश मोफत आहे.

चित्रे पुढच्या वर्गाला घेऊन या, आपण ती भिंतीवर लावू. नसरीन यांनी आपल्या चित्रांवर नाव आणि तारीख घातली नाही तरी तुम्ही कागदाच्या मागे दोन्ही लिहा, तेही मराठीत. नाहीतर एकोणीस रेघांचे कोणते चित्र कोणाचे, हे ओळखताना आपल्या शिक्षिकांची पंचाईत व्हायची!